सोजरबाईच्या कार्डावर

बाटली अगदी चिमुकली होती. तिच्यात पाण्यासारखं दिसणारं औषध, औषधात आईच्या छातीतून काढलेला तुकडा, आणि बाहेर चिकटवलेल्या पट्टीवर निळ्या शाईत नाव : सोजरबाई धोंडीबा ओव्हाळ.

"आठ-दहा दिवस लागतील. पत्र येईल घरी," असं म्हणून नर्सबाई बाटली घेऊन पडद्याआड गेल्या.

आईचं नाव केसरबाई किसन सरवदे. सोजरबाई म्हणजे चाळीतली शेजारीण, भिंतीला भिंत लागून. आणि ही सगळी अक्कल यशोधराची.

त्या वर्षी यशोधराच्या अंगात जरा वारंच भरलं होतं. नववीत होती. डिसेंबरात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून बाईसाहेब कुणाशीही बोलायला तयार! रेशनवाल्याशी ती भांडे, बसच्या कंडक्टरला नियम समजावून सांगे, पोस्टमनला मनीऑर्डर उशिरा का आली ते विचारे. पिंपरीच्या त्या पत्र्याच्या चाळीत कुणाला अर्ज लिहायचा असो की डॉक्टरकडे जायचं असो, हाक यशोधरालाच. शेजारचे धोंडीबाकाका तिला 'भाषणवाली' म्हणत आणि ती ते कौतुक म्हणून घेई.

महिन्यापूर्वी एका सकाळी आई म्हणाली, "यशे, पोलक्याची बाही चढव गं. हात वर जाईना." बाही चढवताना यशोधराचा हात काखेखाली गेला आणि काहीतरी लागलं. सुपारीएवढं, टणक. आई एकदम आक्रसली.

"काय गं हे?"

"काय न्हाई. कानस चालवून चालवून शीर धरलीय."

आई भोसरीत एका शेडमध्ये कामाला होती. लोखंडी नटांच्या कडा कानशीनं घासायच्या, दिवसभर. शेडमध्ये सगळी मिळून अकरा माणसं. एवढ्याशा जागेला कुठला कामगार विमा आणि कुठलं दवाखान्याचं कार्ड! बहात्तरच्या दुष्काळात ही मंडळी बीडकडून इकडं आली, त्याला सात वर्षं झाली, पण पक्की नोकरी काही हाती लागली नाही. बा चाकणच्या कांद्याच्या बाजारात हमाल. आठवड्यातून एकदा घरी यायचा.

"सरकारी दवाखान्यात जाऊ," यशोधरा म्हणाली.

"तिथं बापे डाक्टर असत्यात. मी न्हाई दाखवायची."

"आणि बाई डॉक्टर असेल तर?"

आई बोलली नाही. म्हणजे तयार होती. मग यशोधराला आठवलं, सोजरमावशी औषधाच्या कंपनीत पॅकिंगला पक्क्या आहेत, त्यांच्याकडं विम्याचं कार्ड आहे, आणि विम्याच्या हॉस्पिटलात बायकांना तपासायला डॉक्टरीणबाई आहेत. कार्डावर फोटो नव्हता. सोजरमावशींना आजवर साधा ताप आला नव्हता, त्यामुळं कार्ड कोरं करकरीत. दोघींचं वय सारखंच, चाळिशीच्या आतबाहेर.

सोजरमावशी एका दमात हो म्हणाल्या. "घेऊन जा की! माझं नुसतं ट्रंकेत पडलंय. केसरला बरं वाटू दे. फक्त आमच्या माणसाला सांगू नका, तो कायद्याचा किडा हाय."

मग तालीम सुरू झाली. यशोधरा खाटेवर डॉक्टर होऊन बसली.

"नाव?"

"सोजर."

"पूर्ण सांगायचं! नवऱ्याचं नाव?"

आई लालबुंद झाली. स्वतःच्या नवऱ्याचं नाव जिनं वीस-बावीस वर्षांत उच्चारलं नव्हतं, तिला आता शेजाऱ्याचं नाव नवरा म्हणून घ्यायचं होतं. पदर तोंडाला लावून ती "धों..." म्हणे आणि पुढं हसू तरी येई नाहीतर शरम तरी. सोजरमावशी दारात उभ्या राहून पोट धरून हसत होत्या. "घे गं घे, म्या दिला तुला! वापरून झाला की परत आणून दे."

असं सगळं हसत-खेळत झालं होतं, बाटली पडद्याआड जाईपर्यंत.

पहिले तीन दिवस बरे गेले. आईनं एक दिवस घरी काढला आणि टाके असतानाच शेडवर गेली. बा रविवारी आला तेव्हा त्याला सांगितलं, खांद्याला गळू झालं होतं, कापून घेतलं. त्यानं "बरं" म्हटलं, आणलेले कांदे कोपऱ्यात ओतले आणि जेवून पाठ टेकली.

चौथ्या दिवसापासून यशोधराला भोंग्याचं वेड लागलं. कंपन्यांचे भोंगे ठरलेल्या वेळेला होतात. ती शाळेतून निघायची आणि मनाशी म्हणायची, भोंगा व्हायच्या आत मी रेल्वेच्या फाटकापर्यंत पोचले तर गाठ साधी. मग दप्तर छातीशी धरून जी पळायची! पोचली की वाटे, आज पळाले म्हणून, उद्या चालत जाऊन पोचले तरच खरं. चालत गेल्यावर भोंगा आधी झाला, तर म्हणायची, हा त्या कंपनीचा नव्हताच, दुसरीचा होता. शहाणी मुलगी, विज्ञानात पंच्याहत्तर मार्क, आणि भोंग्याशी भांडतेय!

मोरीत अंघोळीला बसली की स्वतःची छाती चाचपून बघायची. एकदा तिला काहीतरी लागलं. ती तशीच ओली बसून राहिली. मग कळलं, ती बरगडी होती. त्या दिवशी तिनं ताटातली भाकरी तशीच ठेवली आणि आईला सांगितलं, शाळेत खाऊन आले.

वर्गात तिची बडबड वाढली होती. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. परीक्षा तोंडावर आलेली, बाईंना वाटलं, पोरगी जोरात आहे. खरं तर गप्प बसलं की डोक्यात ती निळी अक्षरं यायची, म्हणून ती बोलायची.

आईचं मात्र काहीच बदललं नव्हतं, निदान वरून तरी. डाळ निवडायची, चूल पेटवायची. एकदा यशोधरानं धीर करून विचारलं, "तुला भीती वाटत नाही?"

"कशाची? काय झालंच तर सोजर मरंल, मी कशाला मरती? कागदावर तिचं नाव हाय."

आणि स्वतःच हसली. यशोधराला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

भीती सगळी जाऊन बसली होती सोजरमावशींच्या घरात. आधी एवढ्या हसणाऱ्या त्या, पण सहाव्या दिवसापासून रोज संध्याकाळी कंपनीतून आल्या की पर्स खांद्याला तशीच, आणि दारात उभ्या. "आलं का गं काही?"

"नाही आलं, मावशी. पत्र तुमच्याच घरी येईल ना!"

"व्हय गं, माझ्याच घरी." मग आवाज खाली आणून म्हणायच्या, "यशे, माझ्या बी डाव्या अंगाला दुखतंय. तिकडं बाटलीवर नाव माझं गेलंय गं."

"मावशी, असं कधी असतं का? नावानं काय रोग होतो?"

"न्हाई होत. मला कळतं. देव सोडले आपुन, दीक्षा घेतली तवा सगळे पाण्यात सोडले, तरी ही भीती तेवढी मागं राहिली बग." जेवण त्यांचं सुटलं. डबा कंपनीतून भरलेलाच परत यायला लागला.

नवव्या दिवशी यशोधराची सकाळची शाळा सुटली. भोंग्याची पैज ती हरली होती आणि तो दुसऱ्या कंपनीचा होता असं स्वतःला समजावत ती चाळीत शिरली. धोंडीबाकाका उंबऱ्यावर बसलेले दिसले. सेकंड शिफ्ट असली की या वेळी ते डबा बांधून, केसांना तेल लावून, सायकल पुसत उभे असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची टर उडवायचे. आज सायकल भिंतीला आणि काका बनियनवर.

"यशे, इकडं ये."

भाषणवाली नाही म्हणाले. ती दप्तरासकट पुढं गेली.

त्यांच्या हातात कार्ड होतं, पोस्टाचं. "मी वाचलंय," ते म्हणाले. "अक्षर अक्षर लावून वाचलंय. पर माझं काय तरी चुकलं असंल. तू वाच."

तिनं वाचलं. सौ. सोजरबाई धोंडीबा ओव्हाळ यांस. आपला तपासणीचा अहवाल आला आहे. नातेवाइकासह त्वरित येऊन भेटावे. येताना भरती होण्याच्या तयारीने यावे.

शेवटची ओळ तिनं तीनदा वाचली. चांगली बातमी असली की कुणी भरती व्हायला बोलावत नाही, हे कळायला काही स्पर्धेत नंबर यावा लागत नाही.

"कसली तपासणी गं?" काका विचारत होते. "तुझ्या मावशीनं मला सांगितलं न्हाई. चार दिस झालं, डबा तसाच परत आणती. कूस बदलत ऱ्हाती. मी इचारलं तर म्हणली, ॲसिडिटी. आणि मी म्हणलं, तुझी नाटकं." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. फाउंड्रीत काम करून काळा पडलेला जाड हात. "आमचं लगीन झालं तवा ती बारा वर्षांची व्हती, यशे."

यशोधराच्या मनात आलं, गप्प बसावं. संध्याकाळी मावशी येतील, त्याच सांगतील. पण संध्याकाळला पाच तास होते. समोरचा माणूस ते पाच तास बायकोच्या मरणाशेजारी बसून काढणार होता, आणि ते मरण त्याच्या घरचं नव्हतंच.

"काका, मावशींना काही झालेलं नाही."

"हे काय मग?"

"मावशींचं विम्याचं कार्ड आम्ही वापरलं. तपासायला आई गेली होती, मावशींच्या नावावर. हे आईचं आहे."

काका तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला, अगदी लहान पोरासारखा. "म्हंजी सोजराला काय न्हाई?"

"काही नाही."

"काय बी न्हाई?" ते हसायला लागले. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते पालथ्या हातानं पुसले, उठून उभे राहिले. दोन पावलं आत गेले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायले, आणि तांब्या खाली ठेवताना त्यांना यशोधरा दिसली. ती अजून कार्ड घेऊन उभी होती.

त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं.

"अगं पोरी," ते म्हणाले. मग ते चिडले, कारण चिडणं सोपं असतं. "अक्कल हाय का तुमास्नी? तिची नोकरी जाईल! फसवणूक हाय ही, कायद्यानं फसवणूक! आणि केसरचं आपरेशन काय सोजराच्या नावानं करणार व्हता? तिनं दोन म्हैने कंपनीत जायचं न्हाई आणि ही तिथं पडून राहणार? इचार केलता का काही?"

यशोधरानं केला नव्हता. तालीम तिनं फक्त गाठ साधी निघेपर्यंतचीच घेतली होती.

"माय," ती एवढंच म्हणाली. पिंपरीच्या शाळेत घातल्यापासून तिनं आईसाठीचा हा गावाकडचा शब्द सोडला होता. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दोघं तशीच उंबऱ्यावर बसून राहिली. त्या दिवशी काकांची शिफ्ट बुडाली.

संध्याकाळी आईला आणि मावशींना कार्ड वाचून दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिघी विम्याच्या हॉस्पिटलात गेल्या. आईनं घरातलं धुतलेलं लुगडं नेसलं. सोजरमावशींनी रजा टाकली होती. "माझं कार्ड हाय, मीच सांगणार," असा त्यांचा हेका.

डॉक्टरीणबाईंनी कागद काढला आणि मान वर न करता म्हटलं, "या, सोजरबाई. बसा."

दोघीही बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी मग मान वर केली. यशोधरानं बसमध्ये भाषण तयार केलं होतं, सुरुवात-मध्य-शेवट सगळं होतं त्यात. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. "बाई, ही माझी आई. हिचं नाव केसरबाई. आम्ही खोटं बोललो. कल्पना माझी होती."

"कार्ड माझं," मावशी म्हणाल्या. "मी दिलं. पोरीला काय बोलू नका."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून समोर ठेवला. "ऑपरेशनच्या टेबलावर हिचं काही बरंवाईट झालं असतं तर मी काय लिहिलं असतं? सोजरबाई वारल्या म्हणून?" त्यांनी कागदावरच्या नावावर बोट ठेवलं. "मला हे वर कळवावं लागेल."

"कळवा," मावशी म्हणाल्या. पर्स घट्ट धरली होती, पण म्हणाल्या.

मग डॉक्टरीणबाई आईकडं वळल्या. "रिपोर्ट वाईट आहे, केसरबाई. कॅन्सर आहे. छाती काढावी लागेल, लवकर. गाठ कधीपासून आहे?"

"झाला की म्हैना-दीड म्हैना," आई म्हणाली. आणि लगेच, "हात ऱ्हाईल का? कानस धराया?"

"आधी जीव राहू दे."

या कार्डावर ऑपरेशन होणार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सरकारी हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली. तुकडा मी स्वतः काढला आहे, रुग्ण हीच आहे, असं इंग्रजीत लिहून खाली सही केली.

"म्हणजे तिथं लगेच ऑपरेशन करतील?" यशोधरानं विचारलं.

"ते पुन्हा तुकडा काढून तपासतील बहुतेक. त्यांच्याकडच्या कागदावर यांच्या नावाचा रिपोर्ट लागेल."

"किती दिवस?"

"तेच. आठ-दहा."

आईला घरी जाऊन भाकरी टाकून मग यायचं होतं. यशोधरानं ऐकलं नाही. तिथून थेट सरकारी हॉस्पिटलात नेलं, रांगेत उभी राहिली, नवा केसपेपर काढला. या वेळी नावाच्या जागी तिनं सरळ खरं नाव सांगितलं आणि तिला त्यात काहीच बरं वाटलं नाही. तपासायला आले ते तीन तरुण डॉक्टर, तिघं पुरुष. पडदा ओढला गेला. यशोधरा आणि मावशी बाहेर उभ्या होत्या. आत एकजण दुसऱ्याला इंग्रजीत काहीतरी समजावत होता. आईचा आवाज एकदाही आला नाही. पडदा सरकला तेव्हा ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून भिंतीकडं बघत बसली होती.

भरती करून घेतलं. मावशी रात्रीला थांबणार होत्या.

"तू चाकणला जा," आई यशोधराला म्हणाली. "तुझ्या बाला सांग."

"काय सांगू?"

"जे हाय ते सांग. आता कशाला झाकायचं?"

एसटी भोसरी ओलांडून नाशिक रस्त्याला लागली. कुठल्या तरी कंपनीचा भोंगा झाला, तिनं कान दिला नाही. सबंध रस्ता ती वाक्य जुळवत होती. छाती हा शब्द तिनं बासमोर कधी उच्चारला नव्हता. चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांच्या भिंती लागल्या होत्या, लिलाव चालला होता, जो तो ओरडत होता. बा तिला लांबूनच दिसला, पाठीवर गोणी घेऊन वाकून चाललेला. दिवसाच्या या वेळी पोरगी समोर उभी दिसल्यावर त्यानं गोणी थप्पीला लावली नाही, होती तिथंच टाकली.

"काय झालं?"

"बा, आईच्या खांद्याला काही नव्हतं. आम्ही खोटं सांगितलं. छातीत गाठ आहे. कॅन्सर आहे. भरती केलंय. पुन्हा तपासणार आहेत आणि मग छाती काढणार आहेत."

एका दमात बोलली. बानं डोक्याचं फडकं सोडलं, त्याची घडी घातली, मग ती घडी उलगडली.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

शेजारी लिलावाचा आकडा चढत होता. बा खाली पडलेल्या गोणीकडं बघत होता.

"दिवाळीपासनं ती त्या कुशीवर निजत न्हाई," तो म्हणाला.

यशोधराला आधी नीट कळलंच नाही. मग तिनं महिने मोजले. दिवाळी ते मार्च.

"मग तुम्ही विचारलं नाही?"

"तिनं सांगितलं न्हाई. म्या इचारलं न्हाई." त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. "म्हणलं, बायकांचं काय तरी असंल."

मुकादमानं हाक मारली, किसन, गाडी भरायचीय. बानं तिकडं पाहिलंही नाही. तो रस्त्याकडं चालायला लागला, एवढ्या झपाझप की यशोधराला त्याच्यामागं पळावं लागलं.